खोटे ओळखणाऱ्यांचे खरे किती मानावे?

खोट्या माहितीचा तज्ज्ञ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्याच्याकडे दोनपैकी कोणते ज्ञान आहे हे आधी पाहावे लागते. एक ज्ञान अफवेच्या प्रवासाचे: ती कोठून निघाली, किती जणांपर्यंत गेली, कोणत्या खात्यांनी रेटली, लोकांनी ती का मानली. दुसरे ज्ञान अफवेच्या विषयाचे, म्हणजे लस, नोट, निवडणूक, विषाणू, जे काही असेल त्याचे. पहिल्या ज्ञानावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगले काम झाले आहे. पण त्याच्या जोरावर दुसऱ्यात निवाडा देता येत नाही. अफवांचा अभ्यासक विषाणूबद्दल बोलू लागला की तोही इतरांसारखाच वाचलेल्या-ऐकलेल्या गोष्टींवर विसंबून बोलत असतो. टीव्हीच्या पडद्यावर नावाखाली जेमतेम दोन शब्द मावतात आणि हा फरक तेथेच पुसला जातो.

करोनाकाळातले एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर अफवा खोडून काढणारा एक संदेश टाकला: कोविड हवेतून पसरत नाही. त्यावर 'फॅक्ट' असा शिक्का होता. शिंकेतले, खोकल्यातले थेंब जड असतात, ते तरंगत राहत नाहीत, लगेच जमिनीवर किंवा वस्तूंवर पडतात, असे कारणही दिले होते. सहाच आठवड्यांपूर्वी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत संघटनेच्या प्रमुखांनी साथीबरोबर अफवांच्या साथीशीही लढावे लागत असल्याचे सांगितले होते. हा संदेश त्याच लढाईचा भाग होता. हवेतल्या सूक्ष्म कणांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्यांना मात्र तो पटेना. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ लिडिया मोरावस्का यांनी सहकाऱ्यांसह एप्रिलच्या सुरुवातीलाच संघटनेशी बोलून पाहिले. फारसे हाती लागले नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचे खुले पत्र निघाले. संघटनेच्या संकेतस्थळावर हवेतून होणाऱ्या प्रसाराचा स्वच्छ उल्लेख यायला डिसेंबर २०२१ उजाडला.

चूक कोठे झाली हेही उघड झाले आहे. पाच मायक्रॉनहून मोठा कण चटकन खाली पडतो, अशी एक रेघ वैद्यकाच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट मोठे कणही काही काळ हवेत राहतात आणि हवेच्या झोताबरोबर जातात. व्हर्जिनिया टेकच्या लिन्झी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकड्याचा माग काढला, तेव्हा तो क्षयरोगाच्या जुन्या संशोधनात सापडला. तेथे प्रश्नच वेगळा होता: कोणता कण फुप्फुसात खोलवर पोचतो? संसर्ग-नियंत्रणाचे जाणकार खरेखुरे जाणकार होते, यात शंका नाही. पण मुद्दा हवेतल्या कणांच्या हालचालीचा होता आणि त्यात त्यांच्याहून जास्त जाणणारे लोक दाराबाहेर उभे होते. इकडे महाराष्ट्रात घरोघरी दुधाच्या पिशव्या आणि भाज्या धुऊन घेतल्या जात होत्या, एप्रिलमध्ये घरपोच वर्तमानपत्रांवर काही काळ बंदी आली होती, आणि खिडक्या उघड्या ठेवा असे सांगणारे फार थोडे होते.

अशा वेळी कोणाच्या शब्दावर विसंबावे, हा प्रश्न न्यायदर्शनाने फार पूर्वी हाताळला आहे. तेथे शब्द हे प्रमाण मानले आहे, पण बोलणारा आप्त असेल तरच. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची लक्षणे दोन: ज्याबद्दल बोलायचे त्याचे साक्षात ज्ञान, आणि ते जसे कळले तसेच सांगण्याची इच्छा. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सर्वांना एकच. पद, पुरस्कार किंवा संस्थेचे नाव यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही. आजच्या तज्ज्ञाला लावायलाही या दोन अटी पुरेशा आहेत. फक्त त्या सुट्या-सुट्या तपासाव्या लागतात, कारण एक पुरी करणारा माणूस दुसरीत नापास होऊ शकतो.

दुसऱ्या अटीचे उदाहरण 'लॅन्सेट'मध्ये सापडते. १९ फेब्रुवारी २०२० रोजी २७ शास्त्रज्ञांच्या सहीचे एक निवेदन या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. विषाणूचा उगम नैसर्गिक नाही असे सुचवणाऱ्या कटकथांचा त्यात निषेध होता, आणि आपले कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत असे सह्या करणाऱ्यांनी जाहीर केले होते. सह्यांमध्ये पीटर डॅझॅक हे नाव होते. त्यांच्या इकोहेल्थ अलायन्स या संस्थेमार्फत अमेरिकी सरकारचा संशोधननिधी वुहानच्या विषाणू संस्थेपर्यंत गेला होता. हितसंबंधांची ही माहिती नियतकालिकाने जून २०२१ मध्ये पुरवणी जोडून दिली. तोवर त्या निवेदनाने आपले काम केले होते. विषाणू मानवनिर्मित असल्याचे म्हणणाऱ्या पोस्ट काढून टाकण्याचे धोरण फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये आणले आणि मे महिन्यात मागे घेतले. विषाणू प्रयोगशाळेतून निसटला, असे यातून सिद्ध होत नाही. उगमाचा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. पण निकाल लागण्याआधीच एका शक्यतेला अफवांच्या यादीत टाकले गेले, आणि टाकणाऱ्यांपैकी एकाचा त्या निकालाशी संबंध होता.

हितसंबंध म्हटले की फक्त पैसा आठवतो. पक्ष, पूर्वीची नोकरी, आधी घेतलेली जाहीर भूमिका, हेही हितसंबंधच. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार बायडेन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधील ईमेलची बातमी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने दिली. पाच दिवसांनी गुप्तचर यंत्रणांतील ५१ माजी अधिकाऱ्यांचे पत्र आले: या प्रकरणाला रशियन कारवाईचा वास येतो. रशियाचा हात असल्याचा पुरावा आपल्याकडे नाही, हेही त्याच पत्रात लिहिले होते. बातमीच्या मथळ्यात मात्र पहिला भाग तेवढा आला, तोही 'वास'ऐवजी ठाम विधान होऊन. २०२२ मध्ये मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यातील अनेक ईमेल अस्सल असल्याचे पडताळून पाहिले. अशा पत्रांबाबत एक सवय लावून घेण्यासारखी आहे: मथळा सोडून मूळ कागद उघडायचा आणि 'कदाचित', 'असे वाटते', 'पुरावा नाही' ही वाक्ये आधी शोधायची. तज्ज्ञ बऱ्याचदा ती लिहून ठेवतात. पुढे नेणारे गाळतात, आणि गाळले गेले म्हणून तज्ज्ञ तक्रार करत नाहीत.

आकडे हे या क्षेत्रातले सर्वांत धारदार शस्त्र, आणि सर्वांत कमी तपासले जाणारेही. मार्च २०२१ मध्ये 'सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट' या संस्थेने एक अहवाल काढला. समाजमाध्यमांवरच्या लसविरोधी मजकुरापैकी ६५ टक्के मजकुरामागे फक्त १२ व्यक्ती आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडा जगभर गेला, जुलैमध्ये व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेतही पोचला. आता प्रश्न असा: ६५ टक्के म्हणजे कशाचे? संस्थेने फेसबुक आणि ट्विटरवरचा एक नमुना घेतला होता. सहा आठवड्यांत तो ८ लाख १२ हजार वेळा शेअर किंवा पोस्ट झाला होता, आणि टक्केवारी त्या नमुन्यातली होती. ऑगस्टमध्ये फेसबुकने उत्तर दिले: अहवालातील आपल्या मंचाचा भाग अवघ्या ३० गटांतील ४८३ पोस्टवर आधारलेला आहे, आणि लसीविषयीचा जो काही मजकूर लोक पाहतात त्यात या १२ जणांचा वाटा सुमारे ०.०५ टक्के आहे.

६५ आणि ०.०५. पहिला आकडा खोटा आणि दुसरा खरा, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. पहिल्यात छेदस्थानी निवडक गटांतील लसविरोधी मजकूर आहे. दुसऱ्यात लसीसंबंधीचा सगळाच मजकूर, म्हणजे लसीकरण केंद्राचा पत्ता सांगणारी पोस्टसुद्धा. फेसबुक हा या भांडणातला आरोपी, त्यामुळे त्याने आपल्या सोयीचा छेद निवडला हे उघड आहे. आरोप करणाऱ्या संस्थेनेही तेच केले. टक्केवारी दिसली की ती कशाच्या किती हे विचारावे आणि छेद सापडेपर्यंत तो आकडा पुढे पाठवू नये. नमुना कोणी, कसा निवडला हे अहवालाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. तेथे ते नसेल, तर त्या अहवालाबद्दल कळायचे ते कळले.

काही वेळा यादीच दाखवली जात नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये 'हॅमिल्टन ६८' नावाचा ऑनलाइन फलक सुरू झाला. रशियाच्या प्रचाराशी जोडलेल्या सुमारे ६०० ट्विटर खात्यांवर आज काय चालले आहे, हे तो सांगे. कोणती खाती, ते सांगत नसे. वार्ताहर त्याच्या आधारे सर्रास बातम्या देत. ट्विटरने आतून यादी जुळवून पाहिली तेव्हा त्यात सामान्य अमेरिकी नागरिकांची खाती बरीच आढळली. हा अंतर्गत पत्रव्यवहार २०२३ मध्ये बाहेर आला. फलक चालवणाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक खाते रशियन आहे असा दावा आपण केलाच नव्हता आणि माध्यमांनी त्याचा अर्थ ताणला. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरते: यादी उघड असती तर हा घोळ वर्षानुवर्षे टिकला नसता.

संदर्भ तपासणे हे काम कंटाळवाणे खरे, पण स्वस्त आहे. मिनेसोटा राज्याने निवडणुकीतील डीपफेकविरोधात केलेल्या कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हा सरकारच्या बाजूने स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेफ हॅनकॉक यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये तज्ज्ञ म्हणून शपथपत्र दिले. समाजमाध्यमे आणि फसवणूक हाच त्यांचा विषय. शुल्क ताशी ६०० डॉलर. शपथपत्रात उल्लेखलेले दोन शोधनिबंध अस्तित्वातच नव्हते आणि तिसऱ्याचे लेखक चुकीचे होते. मसुदा करताना त्यांनी चॅटजीपीटीची मदत घेतली होती. 'येथे संदर्भ टाकायचा' अशी स्वतःसाठी केलेली खूण यंत्राने आज्ञा समजून संदर्भ रचून दिले, असा त्यांचा खुलासा होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीश लॉरा प्रोव्हिंझिनो यांनी ते शपथपत्र विचारात घेण्यास नकार दिला. खोट्या मजकुराच्या धोक्याबद्दलच्या पुराव्यातच खोटा मजकूर निघावा, याची नोंद त्यांनी आदेशात घेतली. ही चूक पकडायला कसलीही विद्वत्ता लागत नव्हती. निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गूगल स्कॉलरवर शोधायचे, मिळाले तर सारांश वाचायचा आणि तो खरोखर तेच म्हणतो का हे पाहायचे, एवढेच करायचे होते.

उपायांबद्दलचे दावेही तपासून घ्यावेत. खोटे खोडून काढले तर लोक ते आणखी घट्ट धरतात, असे बरीच वर्षे सांगितले गेले. त्याचा आधार ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांचा २०१० चा प्रयोग. पुढे टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १० हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषयांत तोच परिणाम शोधला आणि तो जवळजवळ सापडलाच नाही. नायहन यांनी स्वतःही नंतर आपली भूमिका सौम्य केली, हे त्यांच्या पारड्यात घालावे. कार्यशाळांतून मात्र जुना निष्कर्ष अजून शिकवला जातो. अफवा ओळखायला शिकवणाऱ्या ऑनलाइन खेळांचीही अशीच गोष्ट. २०२३ मध्ये दोन संशोधकांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. खरे-खोटे वेगळे करण्याची खेळाडूंची क्षमता त्यांना वाढलेली दिसली नाही. ते सरसकट सगळ्यालाच खोटे म्हणू लागले होते. त्यावर वाद चालू आहे. प्रशिक्षण विकत घेणाऱ्या शाळेने वा संस्थेने विचारायचा प्रश्न त्यातून मिळतो: प्रशिक्षणानंतर खरी बातमी खरी म्हणून ओळखणाऱ्यांचे प्रमाण किती राहिले?

सरकारच पंच झाले तर काय, याचा कस मुंबई उच्च न्यायालयात लागला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्राच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्रानेच नेमलेला कक्ष ठरवणार होता, आणि तसे ठरलेला मजकूर ठेवून घेणाऱ्या मंचाचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. मार्चमध्ये केंद्राने पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) कक्षाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तिसरे मत देणारे न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरवला. समानता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी तो विसंगत होता आणि 'खोटे', 'दिशाभूल करणारे' या शब्दांना त्यात मर्यादाच घातलेली नव्हती.

पीआयबीचा पडताळणी विभाग २०१९ पासून आहे आणि चालूच आहे. त्याला दोन वेगवेगळी वजने द्यावी लागतात. अमुक योजनेत लॅपटॉप वाटप, तमुक खात्यात भरती, असा मेसेज आला तर त्या विभागाचा नकार जवळजवळ अंतिम समजावा. आपण परिपत्रक काढले की नाही हे काढणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? सरकारच्या कामावर टीका करणाऱ्या बातमीवर मात्र त्याने शिक्का मारला, तर तो प्रतिवादीचा जबाब म्हणून वाचावा. प्रतिवादी खरे बोलत असू शकतो, पण त्याने कागद दाखवायला हवा.

एवढे सगळे वाचून 'तज्ज्ञ म्हणजे विकलेलेच' असे म्हणणारा वाचक दुसऱ्या सापळ्यात अडकतो. संशय हाही विकायचा माल आहे. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध पुढे येऊ लागला, तेव्हा १९५४ मध्ये अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी स्वतःची संशोधन समिती काढली आणि 'अजून सिद्ध झालेले नाही' हे वाक्य कितीतरी वर्षे चालवले. आज पडताळणी करणाऱ्यांवर तुटून पडणाऱ्यांतही पुस्तके, औषधे आणि उमेदवार विकणारे असतात. त्यांनाही आप्ताचे तेच दोन निकष लावायचे.

शिवाय अफवा जीव घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात. पडताळणी करणाऱ्यांनी त्याचे मूळ शोधले. तो कराचीतल्या एका संस्थेचा जनजागृतीपट होता. पूर्ण फिल्ममध्ये तेच दोघे परत येतात, मूल खाली उतरवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. शेवट कापून क्लिप पसरवली गेली होती. चांगली पडताळणी कशी असते हे येथे दिसते. पडताळणाऱ्याचे नाव, पदवी, संस्था काहीच ठाऊक नसले तरी चालते, कारण मूळ फिल्म समोर आहे आणि कोणीही ती शेवटपर्यंत पाहू शकतो. तज्ज्ञाच्या शब्दावर जितके कमी विसंबावे लागते, तितकी ती पडताळणी पक्की.

जेथे असा पुरावा समोर ठेवलेला नसतो, तेथे तज्ज्ञाचीच चौकशी करावी लागते. ती त्याच्याच संकेतस्थळावर करत बसू नये. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक पडताळणीकार आणि २५ विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, मांडणी आणि बोधचिन्ह पाहून फसले. पडताळणीकारांनी काही क्षणांत पान सोडले, नवे टॅब उघडले आणि इतर त्या संस्थेबद्दल काय लिहितात ते पाहिले. तज्ज्ञाबाबत हेच करताना तीन गोष्टी शोधाव्यात: प्रत्यक्ष संशोधन कशावर आहे, पैसा कोठून येतो, आणि त्याच्या दाव्याला त्याच विषयातल्या कोणी आव्हान दिले आहे का.

शेवटची तपासणी चुकीच्या दुरुस्तीची. ज्याचे काम इतरांच्या चुका काढण्याचे, त्याच्या स्वतःच्या दुरुस्त्या कोठे सापडतात? विषाणू प्रयोगशाळेत तयार झाला या दाव्याला सपशेल खोटे ठरवणारा सप्टेंबर २०२० मधला निवाडा अमेरिकेतील 'पॉलिटिफॅक्ट'ने मे २०२१ मध्ये मागे घेतला. जुना मजकूर न पुसता, वर खुलासा लावून ठेवला. इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्कच्या आचारसंहितेत दुरुस्तीचे धोरण जाहीर करणे सक्तीचे आहे, आणि मराठीत पडताळणी देणाऱ्या फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांच्या पानांवर ते शोधून वाचता येते. पडताळणीवरची तारीखही पाहावी. मार्च २०२० चे 'तथ्य' त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर उभे असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते स्क्रीनशॉट होऊन फिरते तेव्हा सर्वांत आधी कापली जाते ती तारीखच. तारीख आणि मूळ दुवा नसलेला 'फॅक्ट-चेक' हा इतर कोणत्याही फॉरवर्डसारखा फॉरवर्डच मानावा.